पुण्याच्या वेशीवरची शेती: नकाशा, सातबारा आणि पाणी

चाकणचा बाजार कांद्याचा. १९८०च्या आसपास शरद जोशींनी याच कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आणला आणि शेतमालाला रास्त भाव मिळावा ही मागणी इथून महाराष्ट्रभर गेली. चाकणजवळच्या आंबेठाणला स्वतः जमीन कसून त्यांनी उत्पादन खर्चाचा हिशेब मांडला होता. आज त्याच परिसरात मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर गुंठ्याचा दर तोंडपाठ असलेला माणूस भेटतो. शेतकऱ्याने भाव मागितला होता तो पिकाला. मिळाला तो जमिनीला.

हा भाव आला कुठून, तो कुणाच्या हातात पडला आणि या व्यवहारात कोण मोजलंच गेलं नाही, हे नीट पाहायला हवं. पुणे वाढतंय याचं कौतुक आणि शेती जातेय याची हळहळ, दोन्ही आपण पुष्कळ ऐकतो. पण शेतजमीन बिगरशेती होते म्हणजे टप्प्याटप्प्याने नेमकं काय घडतं, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. ते समजून घ्यायला पुण्याच्या पूर्वेचा हडपसर, मांजरी, फुरसुंगी, उरुळी देवाची हा पट्टा चांगला. शहर आणि शेती यांचं नातं इथे दीडशे वर्षांच्या टप्प्यात दिसतं.

कालव्याने घडवलेला पट्टा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचं धरण बांधलं गेलं आणि मुठा उजवा कालवा शहराच्या कडेने पूर्वेला निघाला. पाऊस बेताचा असलेल्या हवेली तालुक्याच्या या भागात त्या पाण्याने बागायत उभी राहिली. ऊस आला, भाजीपाला आला, पुढे द्राक्ष आणि फुलं आली. शहराची वाढती वस्ती हेच या शेतीचं गिऱ्हाईक होतं आणि खतही शहरातूनच येत होतं. त्या काळी पुण्याचं सोनखत कालव्याच्या पट्ट्यातल्या उसाला जात असे. शहराला त्याची घाण बाहेर काढायची होती, शेतीला कस हवा होता, आणि दोघांची गरज एकाच बैलगाडीत भागत होती.

मांजरीला आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. या संस्थांनी मांजरी निवडली, कारण माती, पाणी, बाजार आणि हाताला सवय असलेला शेतकरी अशा चारही गोष्टी इथे एकत्र होत्या. मांजरीच्या उपबाजारात आजही शेतकरी स्वतः भाजी आणतो आणि स्वतः विकतो. कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या जुड्यांचा भाव शेकड्यावर बोलला जातो. सकाळी कापलेली मेथी त्याच दिवशी शहरातल्या हातगाडीवर पोहोचते. पालेभाजी लांबच्या प्रवासात कोमेजते, वजन घटतं, नुकसान वाढतं. म्हणून शहराजवळची पालेभाजीची शेती ही चैन नसून शहराच्या स्वयंपाकघराचा भाग आहे.

पुढे हे नातं एकतर्फी झालं. १९८०च्या दशकापासून पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जाऊ लागला. पूर्वी शहरातून कस येत होता, आता प्लास्टिक आणि काळं झिरपणारं पाणी येऊ लागलं. विहिरी खराब झाल्या आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवल्या. ज्या जमिनीच्या उशाला कचऱ्याचा डोंगर आहे, तिथे शेती टिकवण्याची उमेद आधी संपते आणि जमीन विकण्याचा विचार नंतर येतो. शेतकऱ्याने आपखुशीने जमीन विकली असं म्हणताना ही वर्षं हिशेबात धरली पाहिजेत.

रंग बदलतो तेव्हा

जमिनीचं भवितव्य पहिल्यांदा ठरतं ते नकाशावर. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम १९६६चा. त्याखाली प्रादेशिक योजना आणि विकास आराखडे तयार होतात. आराखड्यात रहिवासी विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा. गावात बोलताना लोक सरळ विचारतात, ‘गट येलोत आहे की ग्रीनमध्ये?’ या एका उत्तरावर शेजारशेजारच्या दोन बांधांमध्ये जमिनीच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. माती तीच, पाणी तेच, कष्ट तेच. फरक असतो तो शासनाने दिलेल्या बांधकामाच्या परवानगीचा, येऊ घातलेल्या रस्त्याचा आणि चटईक्षेत्राचा. म्हणजे वाढलेली किंमत ही मुळात सार्वजनिक निर्णयातून जन्माला येते.

पुण्याची हद्द सरकली तशा या किमतीच्या लाटा बाहेर पसरत गेल्या. १९९७ साली ३८ गावं पालिकेत घेतली गेली. विरोधानंतर त्यातली काही वगळली गेली आणि २३ उरली. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी या शेवटच्या खेपेतली. २०१७च्या आधी अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास असलेलं शहर २०२१ मध्ये पाचशेच्या वर गेलं आणि क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका पुण्याची झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची मात्र २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून तिथे स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. एकाच शेतकऱ्याने दहा वर्षांच्या आत ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद अशा तीन कारभारांना कर भरला.

शहराबाहेरच्या गावांसाठी २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झालं. त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. मधल्या चार वर्षांत शेतकऱ्याने काय करावं? द्राक्षाचा मांडव घालायचा तर उत्पन्न सुरू व्हायलाच दीड-दोन वर्षं जातात आणि बाग पुढे बारा-पंधरा वर्षं चालते. गटातून रस्ता जाणार की नाही हे ठाऊक नसताना असा खर्च कोण करील? ठिबक घेतलं जात नाही, विहीर खोल केली जात नाही, मुलगा शेती शिकत नाही. आराखडा अंमलात येण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या नुसत्या चाहुलीने शेती संपू लागते. याच काळात ज्याच्याकडे माहिती आणि रोकड दोन्ही असतात, तो हिरव्या पट्ट्यातली जमीन हिरव्याच्या भावात घेऊन ठेवतो.

सातबाऱ्यावर काय दिसतं

ही सगळी हालचाल एका कागदावर उमटते. सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, मालक कोण आणि बोजा कुणाचा हे असतं. खालच्या भागात, नमुना बारामध्ये, कुठल्या हंगामात कोणतं पीक होतं याची नोंद. शहराच्या कडेचा एखादा जुना सातबारा ओळीने वाचत गेलं की पिकाचा रकाना बोलू लागतो. आधी ऊस. मग काही वर्षं ज्वारी आणि चारा, म्हणजे घरात हात कमी पडू लागले. मग ‘गवतपड’. मग नुसतं ‘पड’. त्याच सुमाराला वरच्या भागात एकाच्या जागी सात-आठ नावं चढलेली दिसतात. वडील गेले, वारस लागले. त्यानंतर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कधी दाव्याची नोंद. शेवटी फेरफाराने एखाद्या खासगी कंपनीचं नाव येतं. नगर भूमापन झालं की मिळकत पत्रिका सुरू होते आणि सातबारा बंद होतो.

कायद्याने या वाटेवर अनेक फाटकं लावलेली आहेत. कुळकायदा १९४८चा, त्यानुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदी १९४७ची, ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या कलम ४४ खाली शेतीखेरीज दुसऱ्या वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत असे, तीच लोकांच्या तोंडची ‘एनए’. नंतरच्या दुरुस्त्यांनी हे फाटक बरंच रुंद केलं. मंजूर आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या जमिनीला किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळ्या परवानगीची गरज उरली नाही. रूपांतर कर भरून सनद घेतली की काम होऊ लागलं.

ज्यांना या दारांतून जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी गुंठेवारी आहे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. शेतात चुन्याच्या रेघा मारतात, कच्चा रस्ता सोडतात, तोंडाशी कमान उभी करतात आणि एकेक गुंठा विकतात. खरेदीखत होत नसेल तर साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होतो, किंवा दहा-वीस अनोळखी माणसं एकाच सातबाऱ्यावर सामाईक मालक म्हणून चढतात. घेणारे बहुतेक रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या बायका, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं. शहराने त्यांच्यासाठी परवडणारं घर बांधलं नाही, म्हणून ते नियमाबाहेरच्या गुंठ्यावर उभे राहिले. शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करण्यासाठी २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागे, ती पुढे ५ टक्क्यांवर आली. गरिबाचं घर वाचलं हे चांगलंच झालं. पण दर काही वर्षांनी नियम माफ होतो हे कळलं की पुढचा तुकडा पाडणाऱ्याला आधीच धीर येतो. रस्ता, गटार, शाळेची जागा यांचा विचार न करता उभी राहिलेली वस्ती मग पिढ्यान्‌पिढ्या टँकरवर जगते.

सह्या कुणाच्या, वाटा कुणाचा

जमिनीला भाव आला की घरात पहिली आठवण बहिणींची होते, आणि ती सहीसाठी होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्राचा रिवाज चालूच आहे. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. तिला साडीचोळी होते, वर थोडीफार रक्कम मिळते. व्यवहार कोटींचा होता हे तिला नंतर दुसऱ्याकडून कळतं. मग दावा उभा राहतो आणि भावंडांची तोंडं कोर्टाच्या व्हरांड्यात दिसतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने एकेकाळी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन घरधन्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं होतं. जमिनीला शहरी भाव येण्याच्या आधीची ती हाक होती. आज तिची गरज कितीतरी जास्त आहे.

बहिणीचं नाव निदान वारसनोंदीत तरी असतं. ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्यांचं काय? वाट्याने जमीन कसणारा, सालाने राहिलेला गडी, खुरपणीला जाणाऱ्या बायका, जुड्या बांधणाऱ्या मुली, उसाच्या बांधावर शेळ्या चारणारं कुटुंब. जमीन विकली जाते तेव्हा त्यांचं रोजचं काम जातं आणि त्या मोबदल्यात त्यांना काहीही मिळत नाही. पुढे त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या सोसायटीत त्यातल्या काही बायका धुणीभांडी करायला जातात. सक्तीने झालेल्या संपादनात २०१३चा भूसंपादन कायदा निदान जमिनीवर उपजीविका असलेल्या भूमिहीनांची दखल घेतो. खासगी खरेदीत तीही घेतली जात नाही.

विकणाऱ्याचंही सगळं भलं होतं असं नाही. शहरी हद्दीतली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर आयकर कायद्याखाली त्यात सूट मिळते. म्हणून हडपसरचा पैसा दौंड, शिरूर, इंदापूरकडे जातो. तिथल्या जमिनीचे भाव वाढतात आणि तिथल्या कसणाऱ्याला स्वतःच्या गावात एकर घेणं अवघड होतं. शहराची सीमा जिथे पोहोचलेली नाही, तिथे शहराचा पैसा आधी पोहोचलेला असतो. उरलेल्या रकमेचं घर होतं, गाडी होते, लग्न होतं. ज्यांनी भाड्याच्या खोल्या किंवा गाळे बांधले ते टिकले. ज्यांनी रोख हातात ठेवली, त्यांची पुढची पिढी नोकरीच्या शोधात आहे, हे या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं.

दुसरी वाट असते

याच हडपसरमध्ये एक वेगळा प्रयोग झाला. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर सलग जमीन एकत्र केली. ती बिल्डरला न विकता स्वतःचीच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात प्रत्येक कुटुंबाला भाग दिले. त्यातून मगरपट्टा सिटी उभी राहिली. कार्यालयांच्या इमारती भाड्याने देण्यात आल्या, त्यामुळे एकरकमी पैशाऐवजी दरवर्षी उत्पन्न येत राहिलं. घरातल्या तरुणांनी बांधकाम साहित्य, वाहतूक, देखभाल अशी कंत्राटं घेतली. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी त्याच धर्तीवर, सुमारे सातशे एकरांवर उभी राहिली.

या यशामागे अनुकूल गोष्टीही होत्या. बहुतेक कुटुंबं एकमेकांच्या भावकीतली होती, जमीन सलग होती आणि शब्दाला वजन असलेलं नेतृत्व होतं. १९७६च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याची टांगती तलवार होती, त्यामुळे एकत्र येण्याची निकडही होती. प्रत्येक गावात हे जुळून येणार नाही. पण एक गोष्ट मगरपट्ट्याने सिद्ध केली. वाढीव किमतीचा मोठा भाग मूळ शेतकऱ्याच्या घरात राहू शकतो, आणि त्यासाठी त्याला भागीदार करून घ्यावं लागतं.

हेच तत्त्व सरकारी चौकटीत नगर रचना योजनेतून आणता येतं. मुंबई प्रांतात यासाठीचा कायदा १९१५ मध्येच आला होता. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते, बागा, शाळांसाठी जागा काढायची आणि उरलेली विकसित भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत द्यायची. म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीएने सुमारे २५० हेक्टरांवर अशी योजना आखली, त्यात निम्मी जमीन मालकांकडे परत जाते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीतही अशा योजना मांडल्या गेल्या. यात कुणा एकट्याच्या शेतावर रस्ता पडून तो शेतकरी उघडा पडत नाही. भार आणि लाभ सगळ्यांत वाटला जातो. मात्र वर्षानुवर्षं योजना रेंगाळली की शेतकऱ्याचा धीर सुटतो आणि तो मधेच विकून मोकळा होतो.

पुरंदरकडे पाहिलं की विश्वास गमावल्याची किंमत कळते. नियोजित विमानतळासाठी पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, उदाचीवाडी, वनपुरी ही सात गावं २०१६ पासून टांगणीला लागली. अंजीर आणि सीताफळाचा हा तालुका. पुरंदरच्या अंजिराला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. कमी पाण्यात या माणसांनी ही फळशेती उभी केली होती. २०२५च्या मे महिन्यात ड्रोन सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या. त्यानंतर क्षेत्र कमी झालं, विकसित भूखंडाचा परतावा देऊ केला गेला आणि बहुसंख्य खातेदारांनी संमती दिली. बोलणी आधी आणि मोजणी नंतर झाली असती, तर या गावांची नऊ वर्षं आणि रक्त दोन्ही वाचलं असतं.

पाण्याचा हिशेब

जमिनीबरोबर पाणीही रूपांतरित होतं, आणि त्याला कुणाची सनद लागत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते पुण्याला प्यायला आहे, तसंच हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीलाही आहे. शहर वाढलं तसा पिण्याचा वाटा वाढला आणि उन्हाळी आवर्तनं आक्रसली. त्या बदल्यात शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतीला देण्याचं ठरलं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी उचलून साडेसतरा नळीजवळ कालव्यात सोडायचं, अशी ती योजना. कागदावर ही योजना चोख आहे, जुन्या सोनखताच्या व्यवहाराची आधुनिक आवृत्तीच. पण शुद्धीकरण पुरेसं होत नाही, पाण्याला फेस आणि वास येतो, अशी कालव्याखालच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. ते पाणी ज्या पालेभाजीला जातं ती परत पुण्याच्याच ताटात येते. शुद्धीकरण केंद्रांवरचा खर्च हा शेतकऱ्यावरचा उपकार नाही, शहराच्या स्वतःच्या आरोग्याचा खर्च आहे.

शहर वाढणारच. पोटासाठी पुण्यात येणाऱ्याला घर हवं आणि ते कुठल्या तरी जमिनीवरच उभं राहणार. म्हणून एकही एकर जाऊ नये असं म्हणणं खोटं ठरेल. माझी मागणी वेगळी आहे. आराखड्यात हिरवा रंग म्हणजे ‘अजून बांधलेलं नाही’ असं समजणं थांबवा. कालव्याखालची बागायत, विहिरी, बाजार यांची पाहणी करून टिकवायची शेती ठरवा. तिथल्या शेतकऱ्याला बांधकाम हक्क न वापरल्याचा मोबदला द्या, जसा आरक्षणाखालच्या जमिनीला हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. मुरमाड, पडीक जमिनीकडे वाढ वळवा. आराखड्याला मुदत घाला आणि ती पाळा. शेतजमिनीच्या प्रत्येक मोठ्या व्यवहारात बहिणींची संमती त्यांना रक्कम वाचून दाखवून घ्या. रूपांतर करातला ठरावीक हिस्सा त्या गावातल्या भूमिहीन शेतमजुरांच्या घरांसाठी आणि कामासाठी राखा. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा पैसा लागत नाही. जी किंमत सरकारच्या एका निर्णयाने वाढते, तिचा थोडा भाग सरकारने सर्वांसाठी मागून घ्यायचा आहे.

मांजरीचा शेतकरी शेकड्याच्या भावात मेथी विकतो, तेव्हा तो चौरस फुटाच्या भावाशी एकटा झुंजत असतो. त्या झुंजीत त्याने हरावं अशी व्यवस्था आपणच केली आहे. ती बदलायची तर पुढच्या आराखड्याच्या हरकती मागवल्या जातील तेव्हा पुण्यात फ्लॅट असलेल्यांनीही अर्ज करायला हवेत. आजवर हरकती आल्या त्या बहुतेक ज्याच्या गटातून रस्ता जातो त्याच्या. रोज भाजी खाणाऱ्या लाखो पुणेकरांचाही त्या हिरव्या पट्ट्यात हितसंबंध आहे. तो त्यांनी सही करून सरकारदरबारी नोंदवला, तर आराखडा करणाऱ्यांना शेतीची जागा रिकामी समजता येणार नाही.